एका गीताचे धनी

(श्रींच्या वर्धापनदिन उत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या वर्धापनदिनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी समितीने मला केली, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. संगीतातला अधिकारी पुरुष मी नव्हे. याच सभामंडपात खांबाला टेकून बसणाऱ्या श्रोत्यांपैकी मी एक. उत्सवाच्या रात्री येथे जे कानांवर पडले, त्या पुण्याईवर आज बोलण्याचे धाडस करतो आहे.

ज्यांचे एकच गीत जगाच्या ओठांवर राहिले असे संगीतकार, हा माझा आजचा विषय. प्रथमदर्शनी तो हलकाफुलका वाटेल, आणि त्यात गमतीची माहितीही पुष्कळ आहे. परंतु त्या गमतीच्या पोटी एक दुखणे दडलेले आहे. ते पार युरोप-आफ्रिकेपासून निघते आणि फिरत फिरत आपल्या नगारखान्याच्या पायरीशी येऊन थांबते. तेथवर आपण माझ्याबरोबर यावे, एवढीच विनंती.

आरंभ करू या फ्रान्सपासून. १७९२ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. ती वार्ता सरहद्दीवरच्या स्त्रासबूर शहरी पोचली, तेव्हा तेथील नगराध्यक्ष दीत्रिश यांनी आपल्या घरी जमलेल्या मंडळींत एक इच्छा बोलून दाखविली, की आपल्या सैन्याला कूच करताना म्हणण्याजोगे एखादे नवे गीत हवे. मंडळींत रूजे द लील नावाचा अभियंता-पलटणीतील एक कप्तान होता. फावल्या वेळी कविता करावी, व्हायोलिन वाजवावे, अशी त्याची हौस. त्या रात्री, म्हणजे २५ आणि २६ एप्रिलच्या मधल्या रात्री, त्याने आपल्या खोलीत बसून शब्द आणि चाल दोन्ही सिद्ध केले. ऱ्हाइनच्या सैन्याचे समरगीत असे त्याचे मूळचे नाव. पुढे मार्सेय शहराचे स्वयंसेवक ते गात जुलैअखेर पॅरिसमध्ये शिरले, आणि गीताला 'मार्सेयेज' हे नाव कायमचे चिकटले. रचले स्त्रासबूरला आणि नाव लागले मार्सेयचे, ही त्या कप्तानाच्या दैवाची पहिली थट्टा.

दुसरी थट्टा याहून कठोर होती. ज्या क्रांतीने त्याचे गीत उचलून धरले, तिने त्याला मात्र झिडकारले. राजाला पदच्युत करण्यास त्याने संमती दिली नाही, म्हणून त्याची नोकरी गेली आणि पुढे त्याला तुरुंगवास घडला. ज्यांच्या घरी गीताचा संकल्प झाला, त्या दीत्रिश यांचा १७९३ च्या डिसेंबरात गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. रूजे द लीलचे प्राण बचावले, आणि १७९५ साली त्याचे गीत राष्ट्रगीत म्हणून मान्यही झाले. त्यानंतर तो चार दशके जगला. त्याने आणखी गीते रचली, पन्नास गीतांचा संग्रहही छापला. पण त्या पन्नासांकडे कोणी फिरकले नाही. कर्जापायी त्याला पुन्हा एकदा तुरुंग पाहावा लागला. १८३० च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजाने त्याला निवृत्तिवेतन बांधून दिले, आणि १८३६ साली त्याचे देहावसान झाले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १४ जुलै १९१५ रोजी, त्याच्या अस्थी समारंभपूर्वक पॅरिसला नेण्यात आल्या. एका रात्रीच्या कामाची पोच राष्ट्राने अशी सव्वाशे वर्षांनी दिली.

आता तेथून ऑस्ट्रियातील एका खेड्यात जाऊ. नाताळच्या दिवसांत आपल्या शेजारच्या चर्चमधून 'सायलेंट नाइट' या गीताचे सूर ऐकू येतात, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्याचा कर्ता फ्रान्झ ग्रूबर हा आर्न्सडोर्फ नावाच्या गावी शाळामास्तर होता. गावच्या चर्चची देखभाल आणि जवळच्या ओबेर्नडोर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविणे हीही कामे त्याच्याकडे होती. आपल्या भाषेत सांगायचे तर देवळाचा सेवेकरीच. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला तेथील तरुण पाद्री योझेफ मोर याने आपली एक कविता त्याच्या हाती ठेवली आणि दोन गळे व गिटार यांना साजेशी चाल मागितली. ग्रूबरने ती बांधली, आणि त्याच रात्री दोघांनी मिळून ती चर्चमध्ये गाइली.

ऑर्गन दुरुस्त करणारा एक कारागीर ते गीत आपल्या मुलखी घेऊन गेला. तेथल्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव आणि पुढे परदेशीही नेले. गीत पसरले, कर्ता मागे राहिला. ऐकणारे म्हणू लागले, की हे डोंगरी मुलखातले जुने लोकगीत आहे. कोणी ते हायडनचे म्हणे, कोणी मोझार्टचे. इतकी गोड चीज खेड्यातल्या एका शाळामास्तराची असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

पुढे जे घडले त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी संगीतपथकाने साल्झबुर्गच्या मठाकडे पृच्छा केली, की या गीताची मूळ प्रत आपल्याकडे आहे काय, आणि ते मिखाएल हायडनचे आहे काय? योगायोग असा, की ग्रूबरचा मुलगा त्या वेळी त्याच मठात गायक होता. प्रश्न घरापर्यंत पोचला, आणि ३० डिसेंबर १८५४ रोजी सदुसष्ट वर्षांच्या ग्रूबरने गीताच्या जन्माची हकीकत स्वहस्ते लिहून दिली. कविता लिहिणारा मोर सहा वर्षांपूर्वीच निर्धन अवस्थेत वारला होता. ग्रूबरही १८६३ साली गेला. म्हणजे ती पृच्छा आणखी दहा वर्षे लांबली असती, तर उत्तर देणारे कोणी उरलेच नसते. पुढे १९९५ साली मोरच्या हस्ताक्षरातील एक जुनी प्रत सापडली, आणि तिच्यावरही चालीचा कर्ता म्हणून ग्रूबरचेच नाव आढळले. एका संस्थेने वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नामुळे एका माणसाला त्याचे नाव परत मिळाले, हे आपण ध्यानी ठेवावे.

जेथे असा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, तेथे काय होते त्याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक जोहान्सबर्गला ध्वनिमुद्रिकांच्या कारखान्यात माल बांधण्याचे काम करीत असे. १९३९ साली त्याने आपल्या साथीदारांसह 'म्बुबे', म्हणजे सिंह, या नावाचे गीत मुद्रित केले. मुद्रणाच्या वेळी गाता गाता त्याने वरच्या पट्टीत एक आयती फिरत घेतली. तीच पुढे जगभर गेली. त्या गीताचे हक्क त्याने दहा शिलिंगांना दिले. गीत अमेरिकेत पोचले. तेथे १९५२ साली एका नावाने आणि १९६१ साली 'द लायन स्लीप्स टुनाइट' या दुसऱ्या नावाने ते गाजले. ऐकणाऱ्यांनी ते आफ्रिकेतले अनादि लोकगीत समजून ऐकले. लिंडा १९६२ साली वारला, तेव्हा त्याच्या खात्यात पंचवीस डॉलरही नव्हते, आणि त्याच्या थडग्यावर नावाची शिळा बसायला पुढे अठरा वर्षे लागली. त्याच्या मुलींनी न्यायालयाचे दार ठोठावले ते २००४ साली, आणि २००६ साली तडजोड होऊन त्यांना त्यांचा वाटा मिळाला. ग्रूबर आणि लिंडा या दोघांच्याही गीतांना जगाने लोकगीत म्हटले. लोकगीत हा शब्द फार सुंदर आहे. पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की कर्त्याचे नाव विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

परदेशाचे पुरे झाले. आपल्याकडे काय आहे? 'ॐ जय जगदीश हरे' ही हिंदी आरती भारतभर म्हटली जाते. ती रचणारे श्रद्धाराम फिल्लौरी हे पंजाबातील विद्वान १८३७ साली जन्मले आणि १८८१ साली वारले. त्यांनी 'भाग्यवती' ही हिंदीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक कादंबरीही लिहिली. आरती म्हणणाऱ्या शंभरांतील किती जणांस त्यांचे नाव ठाऊक असेल, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

मराठी संतांनी मात्र या दुखण्यावर एक उपाय काढून ठेवला आहे. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांच्या शेवटी त्यांची नाममुद्रा असते. शतके लोटली, हजारो गळ्यांतून अभंग गेले. तरी गाणाऱ्याला शेवटच्या चरणाशी कर्त्याचे नाव उच्चारावेच लागते. ख्यालाच्या बंदिशींतही तीच युक्ती आहे. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील नियामत खाँ हे 'सदारंग' या मुद्रेमुळेच आजही आपल्या ओळखीचे आहेत. परंतु, सज्जनहो, मुद्रा शब्दांत बसते. सुरांत बसत नाही. ज्याने चाल बांधली, ज्याने सनईवर एखादी लकेर प्रथम काढली, त्याला आपले नाव गुंफायला जागाच नाही. त्याची मुद्रा दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

आता मी आपल्या गोमंतकाच्या एका कन्येकडे वळतो. फोंडा महालातील केरी गावी १८९२ साली केसरबाई केरकर जन्मल्या. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी थोडाथोडा काळ विद्या घेतली आणि १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची कठोर तालीम घेतली. १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोवर ते शिष्यत्व चालू होते. रवींद्रनाथांचा गौरव त्यांना लाभला, 'सूरश्री' या उपाधीने त्या ओळखल्या गेल्या. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. अनवट राग आणि अखंड, घुमारेदार आवाज ही त्यांच्या गाण्याची ओळख. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या, त्यामुळे त्यांचे गाणे मुद्रित स्वरूपात थोडेच उरले.

अशा या गायिकेला एका गीताची धनीण म्हणणे कोणाला रुचणार नाही, आणि ते खरेही नव्हे. तथापि भारताबाहेरच्या जगाला त्या ठाऊक आहेत त्या एकाच चीजेमुळे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. एक २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. दूरच्या ताऱ्यांकडे कोणी ऐकणारा असलाच, तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी, हा तिचा हेतू. कार्ल सेगन यांच्या समितीने सगळ्या पृथ्वीतलावरच्या संगीतातून सत्तावीस तुकडे निवडले. त्यात बाख आहेत, बेथोव्हेन आहेत, आणि भारताचे म्हणून एकच गाणे आहे : केसरबाईंनी गाइलेली भैरवी, 'जात कहाँ हो'. अवघी साडेतीन मिनिटे. यान सुटले तेव्हा केसरबाई हयात होत्या; त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या निवर्तल्या. पुढे २०१२ साली एक आणि २०१८ साली दुसरे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. केरीच्या मुलीचा आवाज, म्हणजे तो कोरलेला ठसा, मानवाने धाडलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा दूर गेलेला आहे.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण त्या तबकडीची यादी एकदा सावकाश वाचावी. भारताच्या गाण्यापुढे गायिकेचे नाव स्वच्छ नोंदलेले आहे. त्याच यादीत पेरू देशातील एका लग्नगीताचा तुकडा आहे, अवघ्या अडतीस सेकंदांचा. त्यापुढे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव आहे, गाणाऱ्या मुलीचे नाही. आणखीही काही नोंदी अशाच आहेत. दोन्ही आवाज एकाच तबकडीवर, एकाच वेगाने ताऱ्यांकडे चालले आहेत. एक नावानिशी, दुसरा निनावी. दोघींच्या गाण्यात जे काही अंतर असेल ते असो. नोंदीतले अंतर मात्र लिहिणाऱ्याने निर्माण केलेले आहे.

येथे मी आपल्या दारी येतो.

केसरबाई ज्या समाजातून आल्या, त्या कलावंत घराण्यांनी गोमंतकातील देवालयांत पिढ्यान्‌पिढ्या गायनाची सेवा रुजू केली. त्या सेवेचे मोल ज्यांनी ठरविले, ते आपले पूर्वज, महाजन. मोल ठरविताना मान किती दिला, याचा हिशेब मांडण्याचे हे स्थळ नव्हे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, हेच स्थळ आहे. गेल्या वर्षी स्मरणिकेच्या कामासाठी आपल्या देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मला चाळावयास मिळाल्या. समईच्या तेलाचा हिशेब त्यांत पैपर्यंत आहे. फुलांचा आहे, रथाच्या दोरखंडाचा आहे. पालखीच्या दिवशी दिलेल्या बिदागीचाही आहे. पण तेथे नोंद अशी, की वाजंत्र्यांस इतके, गाणाऱ्यांस इतके. रक्कम आहे, नाव नाही. वर्षामागून वर्षे मी पाने उलटली. नाव सापडले नाही.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाची कबुली देतो. आपल्या उत्सवात पालखी शेवटची प्रदक्षिणा करून सभामंडपाकडे वळते, तेव्हा सनईवर एक विशिष्ट चाल वाजते. आपण तिला 'परतीची चाल' म्हणतो. वर्षातून ती तेवढ्याच वेळी वाजते. माझ्या लहानपणी ती वाजविणारे वृद्ध वादक अग्रशाळेच्या ओटीवर दुपारी विसावत, आणि आम्ही मुले त्यांच्याभोवती खेळत असू. मोठेपणी उत्सवास येई तेव्हा त्यांना नमस्कार करी, प्रकृती विचारी. ती चाल त्यांची स्वतःची, की त्यांच्या वडिलांची, की आणखी कोठून आली, हे विचारावे असे माझ्या मनात अनेकदा आले. दर वेळी वाटे, पुढच्या वर्षी विचारू. एका वर्षी ओटी रिकामी दिसली. आज मी वडीलधाऱ्यांना विचारतो तेव्हा उत्तर येते, 'ती पूर्वीपासूनच आहे.' ऑस्ट्रियातल्या डोंगरी मुलखातही लोक अगदी हेच म्हणत होते. तेथे पृच्छेचे पत्र मास्तर हयात असताना पोचले. येथे तो प्रश्न ओटीवर बसलेल्या माणसाला दहा पावलांवरून विचारायचा होता, आणि मी तो विचारला नाही.

नुकसान केवळ नावाचे झाले, असेही नाही. आज ती चाल तीन वादक तीन तऱ्हांनी वाजवितात. पूर्वार्ध तिघांचा सारखा आहे. उत्तरार्धात प्रत्येकाची वाट निराळी. कोणती मूळची, हे सांगू शकणारा आता कोणी नाही. कर्त्याचे नाव गेले की पाठोपाठ गीताचे रूपही झिजू लागते, हा माझा अनुभव आहे.

म्हणून समितीपुढे तीन नम्र सूचना मी ठेवतो. पहिली : देवस्थानच्या दप्तरात तेलाच्या आणि फुलांच्या वहीशेजारी आणखी एक वही असावी. कोणती आरती, कोणते पद, कोणती चाल कोण म्हणतो वा वाजवितो, आणि तो ती कोणाकडून शिकला, हे तिच्यात नावनिशीवार लिहावे. दुसरी : आज हयात असलेल्या सर्व वृद्ध गायक-वादकांकडून या चाली पुढील उत्सवापूर्वी ध्वनिमुद्रित करून घ्याव्या, आणि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी त्यांनी स्वमुखाने आपले व आपल्या गुरूचे नाव सांगावे. तिसरी : बिदागी देताना वहीत रक्कम लिहिण्यापूर्वी नाव लिहावे. यापैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. दुसरीला थोडी घाई मात्र आहे. त्या मंडळींत ऐंशी ओलांडलेले दोघे आहेत.

बंधु-भगिनींनो, बहुतेक माणसांच्या हातून एकही गीत घडत नाही. ज्यांच्या हातून एक तरी घडले, ते भाग्यवान. ते एक लोकांच्या मुखी राहिले, तर आणखी भाग्यवान. त्यांच्या इतर शंभर रचना विसरल्या गेल्या म्हणून शोक करण्याचे कारण नाही. काळाची चाळण बारीक आहे, आणि तिच्यापुढे कोणाचेच फारसे चालत नाही. पण जे एक उरले, त्याच्यापुढे कर्त्याचे नाव लिहिणे हे काळाच्या नव्हे, आपल्या हाती आहे. देवापुढे पेटवलेल्या प्रत्येक समईतल्या तेलाचा हिशेब ज्यांनी निष्ठेने राखला, त्यांच्या वंशजांना हे काम जड जाऊ नये.

आज रात्री पालखी परतेल तेव्हा ती चाल पुन्हा वाजेल. वाजविणारे जे तिघे आहेत, त्यांची नावे आपल्यापैकी प्रत्येकाने पालखी गर्भगृहात जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ जाऊन विचारून घ्यावी, एवढी माझी प्रार्थना आहे.